सीजे ३४० डिझेल : टी-९० गिअरबॉक्स आणि डाना १८ ट्रान्सफर केसचा माल कुठे शोधावा?

वारणाकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. गाडी महिंद्राची सीजे ३४० डीपी जीप, फोर बाय फोर. इंजिन प्युजो एक्सडीपी ४.९०, २११२ सीसी. तीन गिअरचा टी-९० बॉक्स, मागे डाना १८ ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी). इंजिन उत्तम आहे, तक्रार फक्त त्याच्या मागच्या लोखंडाची :

दुसरा गिअर चढावर बसून राहतो, पण उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की सुटतो. तिसऱ्यावरून दुसरा घेताना खर्र आवाज येतो, डबल क्लच मारला (क्लच दोनदा दाबून मधे न्यूट्रल घेतला) तर येत नाही. ट्रान्सफरचा लो (जास्त ताकदीचा, हळू गिअर) टाकून गाडी चालवली की मधूनच मोठा घूं आवाज. आणि गिअरबॉक्समधलं ऑइल कमी होतं, त्याच वेळी ट्रान्सफर केसचा फिलर प्लग उघडला की जास्तीचं ऑइल बाहेर येतं.

मिस्त्रींनी न उघडता यादी दिली आहे : क्लस्टर गिअर (एकाच तुकड्यातले चार गिअर), दुसरा गिअर, सिंक्रो असेंब्ली (गिअर पडताना वेग जुळवणारा संच), त्यातल्या दोन ब्रास रिंगा, आणि ट्रान्सफरमधला इंटरमिजिएट (मधला) गिअर शाफ्टसकट. कोल्हापूर आणि पुण्याच्या नाना पेठेतल्या दुकानांत एकच उत्तर मिळतं, "तीन गिअरचा माल येत नाही, चार गिअरचा बॉक्स टाका." मला शक्यतो हाच बॉक्स ठेवायचा आहे. माल कुठे मिळेल, काय नवीन घ्यावं, काय जुनं चालेल आणि काय बनवून घेता येईल? कोल्हापुरात उद्यमनगर हाताशी आहे, त्यामुळे लेथ आणि ग्राइंडिंगची अडचण नाही.

घाटरस्ता

ही यादी घेऊन कुठेही जाऊ नका. न उघडता दिलेली यादी म्हणजे दुकानदाराचा फायदा. आधी दोन गोष्टी बघा, दोन्हींना बॉक्स उतरवावा लागत नाही.

ट्रान्सफर केसच्या मागच्या अंगाला, गिअरबॉक्सच्या मेन शाफ्टच्या अगदी रेषेत एक गोल झाकण आहे. पीटीओ, म्हणजे गाडीच्या ताकदीवर बाहेरचं यंत्र चालवायचा जोड, लावायची जागा ती. ऑइल काढून ते झाकण उघडा. आत टी-९० च्या मेन शाफ्टच्या टोकावर ट्रान्सफरचा ड्राइव्ह गिअर, त्यावर वॉशर, खाचांचा नट आणि कोटर पिन दिसेल. नट सैल आहे का बघा. मग गिअर हाताने धरून पुढेमागे ओढा. हा नट सैल झाला की संपूर्ण मेन शाफ्टला पुढेमागे खेळ येतो.

तुमचं लक्षण याच्याशी जुळतं. दुसरा गिअर तिरक्या दातांचा आहे. इंजिन ओढत असताना दातांचा रेटा शाफ्टला एका दिशेला ढकलतो, ॲक्सिलरेटर सोडला की रेटा उलटतो आणि शाफ्ट दुसऱ्या दिशेला जातो. खेळ जितका जास्त, तितका स्लीव्ह (गिअरला शाफ्टशी जोडणारं सरकतं कडं) आपल्या जागेवरून ढळतो. म्हणून चढावर ठीक आणि उतारावर सुटतो. सगळा दोष सिंक्रोवर टाकून नवी असेंब्ली बसवली आणि नट तसाच राहिला, तर नवी असेंब्लीही सुटणारच.

दुसरं, वरचं झाकण. टी-९० मध्ये गिअरच्या दांड्याखालच्या झाकणातच दोन्ही रेल (सरकत्या दांड्या), दोन्ही फोर्क (स्लीव्ह सरकवणारे काटे), रेल जागेवर धरणाऱ्या गोळ्या आणि स्प्रिंगा असतात. फ्लोअरचा पत्रा काढला की झाकण गाडीतच वर उचलता येतं. रेलवरच्या खाचा चपट्या झाल्यात का, स्प्रिंगा दबून आखूड झाल्यात का, फोर्कची टोकं एका बाजूने खाल्लीत का ते बघा. फोर्क पातळ झाला असेल तर स्लीव्ह पूर्ण चढतच नाही, अर्ध्या दातावर अडकून राहतो. झाकण उघडं असतानाच वरून दात मोजून घ्या. कशासाठी, ते पुढे कोणीतरी सांगेलच.

हॉबिंग_कटर

दात मोजायचं कारण मी सांगतो.

टी-९० हा वॉर्नर गिअरचा बॉक्स. १९४५ च्या सुमारास सीजे-२ए पासून आला आणि अमेरिकेत १९७१ पर्यंत जीपमध्ये चालला. इतक्या वर्षांत तो एकसारखा राहिला नाही. जीपमध्ये रेशोचे दोन संच मुख्य आहेत :

नेहमीचा संच : इनपुट गिअर १८ दात, क्लस्टर ३३-२६-१९-१४. पहिला २.७९८, दुसरा १.५५१, रिव्हर्स ३.७९८.

खालच्या रेशोचा संच : इनपुट १६ दात, क्लस्टर ३५-२६-१९-१४. पहिला ३.३३९, दुसरा १.८५१, रिव्हर्स ४.५३१.

दोन्हींत मेन शाफ्टवरचा दुसरा गिअर २२ दातांचा आणि पहिला-रिव्हर्सचा सरकता गिअर २९ दातांचा. म्हणजे हे दोन दोन्हीकडे चालण्यासारखे, पण इनपुट आणि क्लस्टर मात्र जोडीनेच घ्यायचे. १८ अधिक ३३ म्हणजे ५१, १६ अधिक ३५ म्हणजेही ५१, म्हणून एकाच केसमध्ये दोन्ही बसतात. १६ चा इनपुट ३३ च्या क्लस्टरवर लावला तर बेरीज ४९ होते. बसवताना "फिरतंय की" असं वाटतं, पण दात एकमेकांत पुरेसे शिरतच नाहीत. आवाज येतो आणि भार पडला की टोकं तुटतात. भंगारातून सुटे सुटे गिअर गोळा करणाऱ्यांची इथेच गाडी अडते.

झाकण न उघडता रेशो ओळखायचा असेल तर : ग्लो प्लग काढा म्हणजे इंजिन हाताने हलकं फिरतं. मागची दोन्ही चाकं उचलून पुढच्या चाकांना अडण लावा, गिअर पहिला, ट्रान्सफर टू-व्हील हायमध्ये. पुलीवर आणि मागच्या प्रॉपेलर शाफ्टवर खडूची खूण करा. इंजिनच्या १४ फेऱ्यांत शाफ्टच्या ५ फेऱ्या झाल्या तर २.८ चा संच. १० फेऱ्यांत ३ झाल्या तर ३.३४ चा. मग पुढचा प्रॉपेलर शाफ्ट सोडवून (लोमध्ये पुढची चाकंही जोडली जातात) गिअर तिसरा आणि ट्रान्सफर लोमध्ये टाका. इंजिनच्या ५ फेऱ्यांत शाफ्ट दोनच्या जरा पुढे गेला तर लो २.४६, अडीच फेऱ्या झाल्या तर १.९७. १.९७ वाली ट्रान्सफर केस म्हणजे युद्धकाळातल्या जीपची. तिचे आतले गिअर वेगळे.

आरसी बुकावर काय लिहिलंय ते यात उपयोगाचं नाही. आपल्याकडच्या जीपांचे बॉक्स चाळीस वर्षांत किती वेळा बदलले गेले याचा हिशेब कुणाकडेच नसतो.

आता बनवून घेण्याबद्दल. उद्यमनगरात शाफ्ट, वॉशर, स्पेसर उत्तम होतात, ते बनवाच. क्लस्टर बनवायला जाऊ नका. चार गिअर एकाच तुकड्यात, त्यातले काही तिरक्या दातांचे, शिवाय आतून नीडल रोलरसाठी (सुईसारखे बारीक रोलर) ग्राइंड केलेला बोअर. एका नगासाठी हेलिक्सचा कोन मोजणं, कटर जमवणं, कार्बुरायझिंगनंतर (पृष्ठभाग कडक करण्याच्या भट्टीच्या कामानंतर) आलेला पीळ ग्राइंडिंगने काढणं, हे सगळं करून बाहेरून मागवलेल्या तयार नगापेक्षा महाग पडतं आणि आवाज करणार नाही याची खात्री नसते. पाच-दहा जणांनी मिळून लॉट काढला तर गोष्ट वेगळी.

शाफ्टसाठी ईएन ३५३ किंवा २० एमएनसीआर ५ पोलाद घ्या. कार्बुराइज करून पृष्ठभाग ५८ ते ६२ एचआरसी (रॉकवेल कडकपणा), कडक थर ग्राइंडिंगनंतर ०.८ मिमीच्या आसपास शिल्लक राहिला पाहिजे. लेथवाले सवयीने ईएन ८ काढतात. तो या कामाला मऊ पडतो. नीडल त्यावर थेट फिरतात, थोड्याच दिवसांत चर पडतात आणि मग दोष नीडलला दिला जातो. थ्रस्ट वॉशर (गिअरला पुढेमागे सरकू न देणाऱ्या चकत्या) फॉस्फर ब्राँझचे, पितळेच्या पत्र्याचे नव्हे.

सिंक्रोची ब्रास रिंग लेथवर कोणी करून देतो म्हणाला तर हसून सोडून द्या. कोनाचा उतार, आतले बारीक आटे आणि बाहेरचे दात, तिन्ही एकमेकांशी जुळावे लागतात.

मायापुरी_ते_मालवण

बाजाराबद्दल.

मुंबईत ऑपेरा हाऊसच्या भागात जुन्या गाड्यांच्या नव्या मालाची दुकानं आहेत, कुर्ल्याला सीएसटी रोडवर भंगारातला माल. पण तीन गिअरच्या जीपसाठी खरा साठा उत्तरेकडे : दिल्लीत काश्मिरी गेट नव्यासाठी आणि मायापुरी जुन्यासाठी, हरियाणात मंडी डबवाली, आणि पंजाबात लुधियाना-जालंधर पट्टा. मंडी डबवालीत जीप खोलणं-बांधणं हा गावाचाच धंदा आहे, तिथे टी-९० चे अख्खे बॉक्स पडलेले असतात.

विचारायची पद्धत महत्त्वाची. "जीपचा क्लस्टर आहे का" म्हणाल तर "आहे" असंच उत्तर येईल आणि चार गिअरचा येईल. त्याऐवजी : "टी-९० तीन गिअर, क्लस्टर ३३-२६-१९-१४. दातांवर खडूने आकडे लिहून फोटो पाठवा, बोअरचा आतून फोटो पाठवा, शेजारी व्हर्निअर धरा." जो हे करायला तयार नाही त्याच्याकडून माल घेऊ नये. परत पाठवायचं भाडं मालाच्या किमतीइतकं होतं.

पूर्वी पोलीस, वनखातं, पाटबंधारे यांच्या जीपा लिलावात निघायच्या आणि त्यांचे बॉक्स बाजारात फिरायचे. १ एप्रिल २०२३ पासून सरकारी खात्यांच्या १५ वर्षांवरच्या गाड्यांची नोंदणी नूतनीकरण होत नाही आणि त्या नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रांकडे जातात. तो ओघ आटला आहे. त्यामुळे आज अख्खा जुना बॉक्स वाजवी भावात दिसला तर सुट्या पार्टच्या मागे न लागता तोच उचलावा. त्यातला क्लस्टर गेलेला असला तरी केस, फोर्क, रेल, रिव्हर्स आयडलर, झाकण हे सगळं कामी येतं.

जुना गिअर हातात घेतल्यावर काय बघायचं :

क्लस्टरच्या बोअरमध्ये नख फिरवा. नीडलच्या उभ्या खुणा नखाला लागल्या की तो नग बाद. शाफ्ट नवा करता येतो, बोअर नाही. दातांवर बारीक धुरकट छटा चालते, खड्डे पडलेले आणि कवच निघालेलं चालत नाही. पहिल्या गिअरच्या दातांच्या कडा घासलेल्या असणारच, कारण पहिल्याला सिंक्रो नाही आणि लोक चालत्या गाडीत ढकलतात. दाताच्या लांबीच्या चौथ्या भागापर्यंत घास चालवून घ्या. दुसऱ्या गिअरवर मात्र सिंक्रोच्या बाजूचे छोटे दात टोकदार हवेत. ते गोलावले असतील तर नवी ब्रास रिंग लावूनही गिअर खरखरेल आणि सुटेलही.

नव्या डुप्लिकेट मालाला नवी कानस लावून बघा. दातावर कानस घसरली पाहिजे. किंचितही कापली तर परत द्या.

वारणाकाठ

सगळ्यांचे आभार. मागचं आणि वरचं झाकण उघडलं, नंतर बॉक्स आणि ट्रान्सफर दोन्ही उतरवले. जे आढळलं ते असं :

मेन शाफ्टचा नट सैल, कोटर पिन जागेवरच नाही. शाफ्ट पुढेमागे साधारण १ मिमी सरकतो. इनपुट १८ दात, क्लस्टर ३३-२६-१९-१४, दात बरे. क्लस्टरच्या बोअरला खुणा नाहीत पण त्याच्या शाफ्टवर पुढच्या बाजूला चर आहेत. दुसऱ्या गिअरचे सिंक्रोचे दात टोकदार आहेत. दोन्ही ब्रास रिंगा आतून गुळगुळीत, आटे दिसत नाहीत. ट्रान्सफरचा इंटरमिजिएट शाफ्ट २८.५ मिमी, नीडलच्या जागी खोल चर. तो गिअर आतून खराब आहे, दोन दातांची टोकं उडाली आहेत. थ्रस्ट वॉशर कागदासारखे पातळ झालेत. फोर्क ठीक, दोन्ही स्प्रिंगा आखूड झाल्या आहेत.

घाटरस्ता

म्हणजे यादीतले मोठे तीन नग गळाले. क्लस्टर तोच, दुसरा गिअर तोच, सिंक्रोचं हब आणि स्लीव्ह हाताने सरकवून अडकत नसेल आणि दात ताठ असतील तर तेही तेच. लागणार ते एवढंच : क्लस्टर शाफ्ट, त्याच्या नीडल, पुढचेमागचे थ्रस्ट वॉशर, दोन ब्रास रिंगा, सिंक्रोच्या तीन पट्ट्या आणि दोन वायर स्प्रिंगा, गोळ्यांच्या स्प्रिंगा, दोन्ही बॉल बेअरिंग, मागच्या ॲडॉप्टरचं सील, नवा नट आणि कोटर पिन. ट्रान्सफरला इंटरमिजिएट गिअर, शाफ्ट, नीडल, वॉशर आणि सगळी सीलं.

बेअरिंगसाठी "जीपचं बेअरिंग" मागू नका. बाहेरच्या कड्यावर नंबर असतो, पुसला असेल तर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मोजा. बाहेरून सर्कलिपची खाच असलेलं बेअरिंग असेल तर नंबरापुढे एन हवा, सर्कलिपसकट हवं असेल तर एनआर. खाच नसलेलं साधं बेअरिंग त्याच मापात स्वस्त मिळतं आणि बसतंही, पण ते शाफ्टला जागेवर रोखत नाही. आऊटपुट शाफ्टची टेपर बेअरिंगं असतील तशी नंबरावर मिळतात. त्यात दुर्मिळ काही नाही.

ब्रास रिंग तपासायची रीत इतरांसाठी : रिंग गिअरच्या कोनावर ठेवून अंगठ्याने दाबा आणि फिरवायचा प्रयत्न करा. चांगली रिंग पकड घेते. रिंग आणि गिअरच्या दातांमधली फट फिलर गेजने तीन ठिकाणी मोजा आणि नव्या रिंगेशी ताडून बघा. निम्म्याच्या खाली गेली असेल तर बाद. आतले आटे हे ऑइलचा थर कापण्यासाठीच असतात. ते गुळगुळीत झाले की रिंग ऑइलवर तरंगते, गिअरचा वेग जुळत नाही आणि खर्र होतं. डबल क्लचने आवाज जातो, त्याचं कारण हेच.

जुन्नर_डिझेल

इंटरमिजिएट शाफ्टबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण परदेशी संकेतस्थळांवर ऑर्डर करताना इथेच गल्लत होते.

डाना १८, ज्याला जुन्या कागदांत स्पायसर १८ म्हणतात, तिच्यात हा शाफ्ट तीन जाडींत आला : पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिमी, सव्वा इंच म्हणजे ३१.७५ मिमी, आणि दोन्हींच्या मधला एक पूर्णांक एक अष्टमांश इंच, म्हणजे २८.६ मिमी. तुमचा हा मधला. गिअरचा बोअर, नीडल, वॉशर आणि केसमधली भोकं सगळी त्या जाडीनुसार बदलतात. "सव्वाचा शाफ्ट जास्त मजबूत" म्हणून नुसता तो मागवून उपयोग नाही, त्याच्याबरोबर केसही बदलावी लागते.

दुसरं, मेन शाफ्टच्या टोकावरच्या त्या ड्राइव्ह गिअरचे दात मोजून ठेवा. २६ चेही येतात आणि २९ चेही. इंटरमिजिएट गिअर त्याच्याशी जुळणारा हवा. दोन्ही ड्राइव्ह गिअर टी-९० च्या सहा स्प्लाइनवर चढतात, त्यामुळे नुसतं चढतंय यावर जाऊ नका.

बाहेरून मागवायचं तर अमेरिकेतल्या क्राउन ऑटोमोटिव्ह आणि ओमिक्स-एडा या दोघांचे टी-९० आणि डाना १८ चे किट जुन्या सीजे जीपांसाठी म्हणून विकले जातात. "स्मॉल पार्ट्स किट" मध्ये गिअर नसतात. नीडल, वॉशर, सिंक्रोच्या पट्ट्या, स्प्रिंगा एवढंच. त्यात तुमचं अर्धं काम होतं. ब्रास रिंगा काही किटमध्ये असतात, काहींत नसतात, यादी वाचूनच मागवा. कस्टमसाठी गिअरबॉक्सचे भाग ८७०८ ४० या शीर्षाखाली येतात. ड्युटी मालाच्या किमतीवरच नव्हे तर भाड्यासकटच्या रकमेवर लागते, त्यामुळे जड नग हवाई मार्गाने मागवला की दुहेरी फटका. म्हणून रिंगा, नीडल, वॉशर, सीलं बाहेरून एकाच पार्सलमध्ये, आणि इंटरमिजिएट गिअर देशात शोधायचा. कुरिअरवाले केवायसी मागतात, ते आधीच भरून ठेवा. पार्सल अडून राहिलं की गोदामाचं भाडं चढत जातं.

शाफ्ट दोन्ही उद्यमनगरात. मात्र इंटरमिजिएट शाफ्ट बनवण्याआधी केसमधली दोन्ही भोकं बोअर गेजने मोजा. शाफ्ट गोल गोल फिरून भोक लांबट झालेलं असतं, तिथूनच ऑइल गळतं आणि गिअर तिरका चालतो. तुमच्या घूं आवाजातला एक वाटा त्याचा असू शकतो. भोक मोठं झालं असेल तर शाफ्टचं ते टोक तेवढंच जाड ठेवून घ्या, नीडलची जागा मूळ मापात. त्यापेक्षा जास्त झिजलं असेल तर बोरिंग करून बुश. मागच्या टोकाला लॉक प्लेटची खाच विसरू नका, नाहीतर शाफ्ट फिरणारच.

पन्हाळा_५४०

चार गिअरच्या बॉक्सला सगळे नाकं का मुरडतात कळत नाही. केएमटी-९० महिंद्राचाच, एमएम ५४० मध्ये येतो, माल मिळतो. कायम घाटात चालणारी गाडी असेल तर मधला गिअर मिळणं हा मोठा फायदा आहे.

घाटरस्ता

@पन्हाळा_५४० नाकं मुरडत नाही. ज्याचा क्लस्टर, इनपुट आणि दुसरा गिअर तिन्ही गेलेत त्याने तेच करावं. पण नुसता बॉक्स विकत घेऊन काम भागत नाही. इनपुट शाफ्टची लांबी, स्प्लाइन आणि पायलटचं टोक तुमच्या क्लच प्लेटशी आणि फ्लायव्हीलमधल्या बुशशी जुळलं पाहिजे. बेलहाउसिंगचं मधलं भोक जुळलं पाहिजे. बॉक्सची लांबी बदलली की ट्रान्सफर केस तितकी मागेपुढे जाते. ती ३० मिमी मागे गेली तर पुढचा प्रॉपेलर शाफ्ट ३० मिमी लांब आणि मागचा ३० मिमी आखूड करून बॅलन्स करावा लागतो. क्रॉस मेंबरची भोकं नवी. घ्यायचंच तर एकाच गाडीतून निघालेला बॉक्स, बेलहाउसिंग, ट्रान्सफर आणि दोन्ही शाफ्ट असा अख्खा संच घ्यावा. वारणाकाठांचे गिअर शाबूत आहेत, त्यांना याची गरज नाही.

हॉबिंग_कटर

एक राहिलं. बॉक्स खाली आहे तोवर बेलहाउसिंग तपासा. ज्या गाडीत पेट्रोल काढून डिझेल बसवलंय किंवा ॲडॉप्टर प्लेट आहे तिथे तर नक्कीच. फ्लायव्हीलवर डायल गेजचा स्टँड लावा, टोक बेलहाउसिंगच्या मधल्या भोकाच्या आतल्या कडेला टेकवा आणि इंजिन हाताने एक फेरी फिरवा. काटा एकूण ०.१३ मिमीच्या आत हलला तर छान. त्याहून बराच जास्त असेल तर इनपुट शाफ्ट दर फेरीला वाकतो, पुढचं बेअरिंग आणि मेन शाफ्टच्या नाकातले रोलर आधी जातात आणि मग तिसरा गिअर सुटायला लागतो. डिझेलचे कमी फेऱ्यांतले धक्के हे काम लवकर पूर्ण करतात.

वारणाकाठ

बेलहाउसिंग मोजलं, काटा ०.१० हलतो. केसचं मागचं भोक किंचित लांबट आहे, शाफ्टचं टोक जाड ठेवून घेतोय. ड्राइव्ह गिअर २६ दातांचा. इंटरमिजिएट गिअर डबवालीहून फोटो बघून ठरवला, दात आणि बोअर जुळले. जोडताना काय सांभाळू?

जुन्नर_डिझेल

जोडणीत चार ठिकाणी लोक चुकतात.

नीडल. क्लस्टर असो वा इंटरमिजिएट गिअर, आधी डमी शाफ्ट करून घ्या : लाकूड किंवा ॲल्युमिनिअम, जाडी खऱ्या शाफ्टपेक्षा किंचित कमी, लांबी वॉशर धरून गिअरइतकी. बोअरमध्ये जाड ग्रीस लावून डमी घाला, नीडल एकेक करून भोवती भरा, मधले स्पेसर विसरू नका. शेवटची नीडल अडून बसते, म्हणून एक कमी टाकून चालवायचा मोह होतो. एक कमी झाली की बाकीच्या तिरक्या होतात. गिअर केसमध्ये बसवून खरा शाफ्ट सारला की डमी आपोआप बाहेर येतो. मधे फट राहू देऊ नका, तिथेच नीडल पडते.

क्लस्टरचा पुढेमागे खेळ ०.३० ते ०.४५ मिमी. मागचा स्टीलचा थ्रस्ट वॉशर जाडीने बदलून तो आणायचा. तुम्ही वॉशर बनवून घेणारच आहात तर दोन-तीन जाडींत घ्या, पुन्हा फेरा नको.

ट्रान्सफरच्या आऊटपुट शाफ्टचा खेळ ०.१० ते ०.२० मिमी, मागच्या झाकणाखालच्या शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) कमी-जास्त करून. मोजताना झाकणाचे बोल्ट पूर्ण आवळलेले हवेत आणि शाफ्ट चार-पाच फेऱ्या फिरवून बेअरिंग बसलेली हवीत. खेळ शून्य केला तर बेअरिंग तापून जळतं, जास्त ठेवला तर सील गळतं. सिलिकॉनचा जाड थर देऊ नका. तो स्वतःच एका शिमचं काम करतो आणि माप चुकतं.

ऑइल इकडून तिकडे जाण्याचा प्रश्न मागच्या बेअरिंगच्या ॲडॉप्टरमधल्या सीलचा आहे. सील ज्या स्पेसरवर चालतं त्यावर चर पडलेला असतो. नवं सील त्याच चरावर बसवलं की दुसऱ्या दिवशीपासून ऑइल पुन्हा जातं. स्पेसर नवा करून ग्राइंड करून घ्या, नाहीतर सील एक-दोन मिमी पुढे बसेल असं बघा. सैल नट हेही त्याचं एक कारण होतं, शाफ्ट हलत असेल तर सील टिकत नाही. नट पूर्ण ताणून आवळा, भोक जुळत नसेल तर पुढच्या खाचेपर्यंत आवळायचा, मागे सैल करून पिन घालायची नाही.

ऑइल दोन्हींत वेगवेगळं भरा, प्रत्येकाच्या फिलर प्लगच्या काठापर्यंत. गिअरबॉक्सला ८०डब्ल्यू-९० जीएल-४. दुकानदार जीएल-५ "याहून भारी" म्हणून देतात. त्यातले गंधक-फॉस्फरसचे पदार्थ क्राऊन-पिनियनसाठी योग्य आहेत, पण ब्रास रिंगांना मारक ठरू शकतात, आणि त्या घसरटपणामुळे रिंग पकडही उशिरा घेते. ड्रेन प्लगला चुंबक लावता आला तर लावा. ५०० किमीनंतर पहिलं ऑइल काढून टाका आणि त्याच वेळी मागचं गोल झाकण उघडून नटाची पिन बघा.

मायापुरी_ते_मालवण

आणि पुन्हा कधी ट्रान्सफर केस एकटीच उतरवायची वेळ आली, गिअरबॉक्स गाडीतच ठेवून, तर नट काढल्यावर ती सरळ मागे ओढू नका. मेन शाफ्ट तिच्यासोबत मागे येतो आणि सिंक्रोच्या पट्ट्या, रिंगा, नाकातले रोलर सगळे केसच्या तळाशी पडतात. वरचं झाकण उघडून दुसऱ्या गिअरच्या अगदी मागे शाफ्टला बांधणीच्या तारेचा वेढा द्या, तार पुढे ओढून केसला पक्की करा, मग पुलरने ड्राइव्ह गिअर काढा आणि ट्रान्सफर मागे घ्या.